दूरशिक्षणातून मंडळीचे (चर्चचे) पुढारी घडवताना: नव्या मार्गदर्शकासाठी

कोर्सची पुस्तकं आली. व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला, बारा जणांची नावं टाकली, आणि पहिल्याच दिवशी हात जोडलेले नि 'आमेन' म्हणणारे बारा मेसेज आले. तीन महिन्यांनी त्याच ग्रुपवर सकाळचे वचनांचे फोटो तेवढे येत होते आणि सगळ्यांच्या वह्या दुसऱ्या धड्यावर थांबल्या होत्या. ही माझ्या पहिल्या गटाची गत. चूक त्यांची नव्हती. मी सगळे धडे एकदम पाठवले आणि "काही अडलं तर फोन करा" असं सांगून मोकळा झालो. कुणीही फोन केला नाही. ज्याचं अडतं तो फोन करत नाही, लाजतो.

त्यानंतरच्या गटांत जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो. तुम्ही पाळक (पास्टर) असा, मंडळीतले वडील (मंडळी सांभाळणारे एल्डर) असा, किंवा "तुम्हाला शिकवायची आवड आहे ना, मग हे तुम्हीच बघा" म्हणून हे काम गळ्यात पडलेलं कुणी असा, सुरुवात इथूनच करा.

आधी पद्धत समजून घ्या

लांबून शिकवणं मंडळीला नवं नाही. प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला लिहितो की हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायला द्या आणि तिकडचं तुम्ही वाचा (कलस्सै ४:१६). पण ते पत्र पौलाचा सहकारी तुखिक घेऊन निघाला होता, आणि पत्रात न मावलेलं तो तोंडी सांगेल असं पौलाने त्यातच लिहून ठेवलंय (४:७-९). क्रेत बेटावरच्या तीताचं, पौलाच्या दुसऱ्या सहकाऱ्याचंही, तेच. नगरोनगरी वडील नेमायला त्याला आधी मागे ठेवलं होतं (तीत १:५), पत्र मागाहून पोचलं. योहानाला तर कागद-शाई पुरेशी वाटतच नाही, समोरासमोर येऊन बोलेन म्हणतो (२ योहान १२). कागदाबरोबर माणूस गेलाच पाहिजे. दूरशिक्षणाच्या कोर्समध्ये तो माणूस तुम्ही.

आज जी रचना सगळीकडे वापरतात तिची सुरुवात १९६३ मध्ये ग्वाटेमालात झाली. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या शाळेच्या) लोकांच्या लक्षात आलं की वसतिगृहात येऊन शिकणारे तरुण खेड्यातल्या मंडळ्यांकडे फारसे परतत नाहीत, आणि ज्यांच्या खांद्यावर मंडळ्या उभ्या आहेत ते घर, शेती, रोजगार सोडून सेमिनरीत येऊ शकत नाहीत. जेम्स एमरी, राल्फ विंटर आणि पुढे रॉस किन्सलर यांनी शिक्षणच तिकडे नेलं: घरी स्वतः अभ्यास, सेवा चालूच, आणि ठराविक दिवशी जवळच्या ठिकाणी शिक्षकाबरोबर बैठक. टेड वॉर्ड या शिक्षणतज्ज्ञाने त्याला कुंपणाची उपमा दिली. वरची आडवी दांडी म्हणजे अभ्यास, खालची म्हणजे प्रत्यक्ष सेवा, आणि दोन्हींना धरून ठेवणारे खांब म्हणजे बैठका. माझ्या पहिल्या गटात दांड्या होत्या, खांब एकही नव्हता.

कोणाला घ्यायचं

जो आधीपासून काम करतोय त्याला. संडे स्कूलच्या मुलांना सांभाळणारी ताई, घरसभा चालवणारे ब्रदर, आजाऱ्यांकडे न सांगता जाणारे कुणी. "मला देवाची सेवा करायची आहे, आधी कोर्स करतो" म्हणणाऱ्याला थोडं थांबवा आणि एक लहान काम द्या. दोन महिन्यांनी ते काम चालू असेल तर घ्या. पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, निवडीची कसोटी दिली ती विश्वासूपणाची, आणि पुढे इतरांना शिकवता येण्याची (२ तीमथ्य २:२). १ तीमथ्य ३ मधली यादी पाहा. तिथे शिकवण्याचं कसब एकाच ठिकाणी येतं, बाकी सगळं माणसाच्या स्वभावाबद्दल, घराबद्दल, पैशाबद्दल आहे.

प्रवेशाचा फॉर्म भरून घेण्याआधी प्रत्येकाशी अर्धा तास बोला. "या महिन्यात कोणाच्या घरी गेलात? काय झालं तिथे?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. जमलं तर पत्नीशी किंवा पतीशीही बोला. अभ्यासाची रोजची चाळीस मिनिटं त्या घरातूनच निघणार असतात, आणि ती कोणाच्या वाट्याची निघणार हे घरच्यांना आधी माहीत असलेलं बरं.

विद्यार्थ्याच्या पाळकांची संमती लेखी घ्या. हे टाळू नका. पाळकांना न सांगता शिकायला लागलेला माणूस दुसऱ्या पुस्तकापर्यंत त्यांचे संदेश (प्रवचनं) तपासायला लागतो, आणि मग कोर्स मंडळी फोडतोय असा बोभाटा होतो. पाळकांना सुरुवातीलाच विचारा की याला तुमच्याकडे कोणतं काम देणार? ते सामील झाले की निम्मं काम हलकं होतं.

गट पाच ते आठ जणांचा ठेवा. बारा जण एका फोन कॉलवर आले की चार बोलतात आणि आठ ऐकल्यासारखं करतात.

शिक्षणाचा प्रश्न नेहमी येतो. एकजण पदवीधर, दुसरा अक्षर लावून वाचणारा. दोघांना एका गटात घ्यायला हरकत नाही, फक्त परीक्षा एकाच मापाची नको. सावकाश वाचणाऱ्याला धडा मोबाइलवर बोलून पाठवा, उत्तरंही त्याच्याकडून बोलूनच घ्या. एका बसणीत वाचून दाखवलेलं मार्काचं शुभवर्तमान त्याला सोळाच्या सोळा अध्यायांत कुठे काय आहे ते सांगता येईल इतकं लक्षात राहिल्याचं मी पाहिलंय. आम्ही वाचणारे मात्र पान उलटून शोधत बसतो.

कोर्स निवडताना

नमुन्याचा एक धडा मागवा आणि स्वतः सोडवा. सोडवताना कंटाळा आला तर तुमच्या गटालाही येणार. प्रश्न कसे आहेत ते बघा. "पौलाचा जन्म कुठे झाला?" असेच सगळे असतील तर तो धडा पाठांतराचा आहे. "तुमच्या मंडळीत असा वाद झाला तर आधी कोणाशी बोलाल?" असा प्रश्न दर धड्यात एक तरी हवा. भाषा वाचून बघा. भाषांतर इतकं अवघड असेल की मूळ भाषेतला धडा कळतो आणि आपला कळत नाही, तर तो सोडा.

प्रमाणपत्राला कोण मान्यता देतं, पुढच्या अभ्यासाला किंवा पाळकपदाच्या दीक्षेसाठी ते चालतं का, हे तुमच्या संप्रदायाच्या कार्यालयाला विचारून आधीच स्पष्ट करा. मान्यता नसलेला कोर्स वाईट असतो असं नाही, पण शेवटच्या दिवशी ते कळू नये. फी थोडी का होईना घ्या. फुकट आलेलं पुस्तक कपाटावर जातं.

वेळेचं गणित

आठवड्याला एक धडा, पाच दिवस रोज चाळीस मिनिटं, आणि नव्वद मिनिटांची एक बैठक. याहून जास्त नोकरी-धंदा सांभाळून कुणाला जमत नाही, आणि याहून कमी केलं की मधल्या आठवड्यात धागा सुटतो. पहिल्या सत्राला लहान पुस्तक घ्या. पुढाऱ्यांसाठी मला १ व २ तीमथ्य आणि तीत हीच सुरुवात आवडते: तिन्ही मिळून १३ अध्याय, २४२ वचनं. बारा आठवड्यांत निवांत होतात, आणि विषयच मंडळी कशी चालवायची हा आहे. रोमकरांस पत्राने किंवा प्रकटीकरणाने सुरुवात करायचा मोह आवरा. विद्यार्थी प्रकटीकरणच मागतील, तरीही.

धडे एकेक द्या. पुढचा धडा बैठकीच्या शेवटीच. छापील पुस्तक एकत्रच येत असेल तरी "या आठवड्यात इतकी पानं" असं तुम्ही ठरवून द्या.

पहिली बैठक मात्र समोरासमोर घ्या, कितीही प्रवास पडला तरी. एकदा एकत्र बसून जेवलेल्या माणसांना पुढे फोनवर "मला कळलं नाही" म्हणायला लाज वाटत नाही. त्याच बैठकीत चार गोष्टी बोलून घ्या: बैठकीचा वार आणि वेळ, बैठकीत ऐकलेलं बाहेर जाणार नाही, गैरहजेरी आधी कळवायची, आणि पैशाची मदत या कोर्समधून मिळणार नाही. शेवटचं सांगताना अवघड वाटतं. पण शिकल्यावर पगार किंवा इमारतीसाठी मदत मिळेल या आशेने आलेला माणूस शिकतही नाही आणि शेवटी दुखावतो. मार्गदर्शक आणि पैसे देणारा एकच असू नये. असला, की विद्यार्थी त्याला आवडेल तेवढंच सांगतो.

आठवड्याची बैठक

इथे नवा मार्गदर्शक हमखास घसरतो, कारण त्याला शिकवता येतं. धडा त्यांनी घरी वाचलेला आहे. तोच पुन्हा समजावून सांगितलात तर पुढच्या आठवड्यापासून कुणी वाचून येणार नाही, तुम्ही सांगणारच आहात हे त्यांना ठाऊक असतं.

मी वेळ साधारण अशी वाटतो: प्रार्थना आणि खुशाली दहा मिनिटं, मागच्या आठवड्यात ठरवलेलं काम झालं का यावर वीस, धड्यावर चर्चा पंचेचाळीस, आणि पुढच्या आठवड्यात कोण काय करणार हे ठरवायला पंधरा. मधली पंचेचाळीस वाढत जाऊन शेवटची पंधरा खातात. घड्याळ समोर ठेवा.

फोनवर बैठक असेल तर नाव घेऊन विचारा. "कुणाला काही सांगायचंय?" या प्रश्नाला शांतताच उत्तर देते. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला कुणीतरी खाकरतं, मग बोलतं. व्हिडिओचा हट्ट नको, नेटवर्क मंद असेल तिथे साधा कॉन्फरन्स कॉल जास्त टिकतो. आणि बैठक रेकॉर्ड करू नका, तिथे मंडळीतल्या माणसांची नावं निघतात.

एक प्रसंग सांगतो. एका ब्रदरनी रविवारी दिलेल्या संदेशाची टाचणं वाचून दाखवली. वचन फिलिप्पै ४:१३, मुद्दे तीन: परीक्षेत यश, नोकरीत यश, आजारात यश, कारण ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मला सगळं शक्य आहे. दोघातिघांनी आमेन म्हटलं. त्यांची चूक माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. ती गिळून म्हटलं, "ब्रदर, दहाव्या वचनापासून मोठ्याने वाचता का?"

त्यांनी वाचायला घेतलं. बाराव्या वचनात पोट भरलेलं असणं आणि उपाशी असणं आलं तसा आवाज सावकाश झाला. थांबले, तेवढंच पुन्हा वाचलं.

"म्हणजे पौल इथे उपाशी राहता येण्याबद्दल बोलतोय?"

पलीकडून एक ताई म्हणाल्या, "आणि तेही बेड्यांत असताना. पहिल्या अध्यायात आहे ना."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ब्रदरच म्हणाले, "आमच्या मंडळीत एकांची नोकरी गेलीय. ते पुढच्याच रांगेत बसले होते."

उरलेला वेळ त्या एका घराबद्दल बोलण्यात गेला: तिथे जाऊन हे वचन कसं वाचायचं, आधी काय विचारायचं, काय बोलायचं नाही. धड्यातले पाच प्रश्न तसेच राहिले, राहू दिले. पुढच्या रविवारी त्यांनी तेच वचन पुन्हा घेतलं, आणि सुरुवात केली ती "मागच्या आठवड्यात मी तुम्हाला अर्धंच सांगितलं" अशी. संदर्भ पाहून वाचावं हा नियम त्यांनी धड्यात केव्हाच अधोरेखित करून ठेवला होता.

वही तपासताना

वही पुढच्या बैठकीआधी परत गेली पाहिजे. महिन्याने आलेला शेरा कुणी वाचत नाही. प्रत्येक चुकीला लाल रेघ ओढू नका. एक जागा निवडा जिथे विद्यार्थ्याने स्वतः विचार केलाय, तिथे तसं लिहा, आणि एक जागा जिथे अजून एक पाऊल टाकता येईल, तिथे प्रश्न लिहा. नुसतं 'छान' लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं.

तीन वह्यांत तेच वाक्य, शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसकट, दिसेल कधीतरी. हल्ली मोबाइलकडून लिहून घेतलेली गुळगुळीत उत्तरंही येतात. चारचौघात विषय काढू नका. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने अपुल्लोस नावाच्या उपदेशकाला सभास्थानात बोलताना ऐकलं, पण चूक सांगितली ती त्याला आपल्याकडे घेऊन (प्रेषितांची कृत्ये १८:२६). फोन करा आणि विचारा, "हेच तुमच्या आईला सांगायचं तर कसं सांगाल?" सांगता आलं तर उत्तर त्याचं, कुठूनही घेतलेलं असो. नाही आलं तर तो धडा पुन्हा, आणि लेखी नको, तोंडी.

सेवा डोळ्यांनी पाहा

सत्रात एकदा तरी प्रत्येकाच्या मंडळीत जा. मागे बसा. नाहीच जमलं तर संदेशाचं रेकॉर्डिंग मागवा, तेही तो स्वतः निवडेल ते नको, ठरलेल्या रविवारचं. अंत्यविधी, लग्नाआधीचं बोलणं, दोन कुटुंबांतला वाद मिटवणं, हे मात्र ऐकून शिकता येत नाही. विद्यार्थ्याला अनुभवी पाळकांबरोबर पाठवा: पहिल्यांदा नुसतं बघायला, मग एक प्रार्थना किंवा एक वाचन त्याच्याकडे, मग सगळं त्याच्याकडे आणि पाळक बाजूला. परतल्यावर त्याच दिवशी फोनवर दहा मिनिटं बोला. दुसऱ्या दिवशी तपशील पुसट होतात.

एकट्याशी बोलणं

बैठकीखेरीज महिन्यातून एकदा प्रत्येकाला वेगळा फोन, अर्धा तास. या फोनवर धड्याचं नावही काढायचं नाही. माझे प्रश्न ठरलेले आहेत: झोप होते का? घरी कसं चाललंय? कर्ज आहे का? संदेशाच्या तयारीसाठी नव्हे, स्वतःसाठी म्हणून बायबल शेवटचं कधी उघडलं? कुणावर राग धरून आहात का? पहिल्या दोन महिन्यांत उत्तरं "प्रभूच्या कृपेने सगळं ठीक" अशीच येतील. फोन करत राहा.

थकलेल्या माणसाला वचनांचा मारा करू नका. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला तेव्हा दूताने त्याला दोनदा खायला दिलं, मध्ये झोपू दिलं, आणि संभाषण झालं ते कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर (१ राजे १९). कधी कधी मार्गदर्शकाचं काम एवढंच असतं की पाळकांशी बोलून याला दोन रविवार सुट्टी मिळवून द्यायची.

मर्यादाही सांगून ठेवा. ऐकलेलं मी कुणाला सांगणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाला इजा होत असेल तर मी गप्प बसणार नाही, हे पहिल्याच फोनवर बोला. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना जोडून द्या, नुसती प्रार्थना करून फोन ठेवू नका. बहिणींसाठी शक्यतो स्त्री मार्गदर्शकच शोधा. नाहीच मिळाली तर फोन कधी होतो हे तिच्या घरी आणि तुमच्या घरी माहीत असू द्या.

गळती

एक बैठक चुकली की त्याच संध्याकाळी फोन. दोन चुकेपर्यंत थांबलात तर त्याला परत यायला लाज वाटते आणि तिसरी आपोआप चुकते. "का आला नाहीत?" म्हणू नका, "काय झालं?" म्हणा. कापणी, बाळंतपण, रात्रपाळी असली कारणं खरी असतात. त्यांच्यासाठी सत्राच्या मध्ये एक मोकळा आठवडा आधीच ठेवा, मागे पडलेले त्यात भरून काढतात. तरीही कुणी सोडलं तर सन्मानाने सोडू द्या. मध्येच सोडून गेलेले एक ब्रदर दोन वर्षांनी दुसऱ्या गटात आले, आणि पहिला धडा त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या वहीतच पुढे लिहिला.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. लेखी पेपर संस्थेच्या नियमाने घ्या. त्यात कोणी कमी गुण मिळवले म्हणून मंडळीतलं त्याचं काम काढून घेऊ नका.

पुढचा गट त्यांच्याकडे

तिसऱ्या सत्रापासून बैठक विद्यार्थ्यांकडे द्यायला लागा, आळीपाळीने. आदल्या दिवशी फोनवर दोनच गोष्टी ठरवा: चर्चेचा मुख्य प्रश्न कोणता, आणि तो पहिल्यांदा कोणाला विचारायचा. बैठकीत तुमचा माइक बंद. तो भाषण देईल, वेळ संपेल, शेवटचं काम ठरवायचं राहील. तरी मध्ये पडू नका.

फिलिप्पैचं वचन दोनदा सांगणाऱ्या त्या ब्रदरनी पहिल्यांदा बैठक घेतली तेव्हा मी कोपऱ्यात कागदावर खुणा करत होतो. अकरा प्रश्न विचारले, त्यातल्या नवांची उत्तरं त्यांनीच दिली. संध्याकाळी फोनवर मी हे दोन आकडे तेवढे सांगितले. पुढच्या खेपेला प्रश्न सात होते, त्यांनी उत्तरं दिलेले दोन.